मालमत्ता क्रमांक चारशे सतरा

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. बक्षिसावरचा कर या विषयात माझा हात धरणारा माणूस आमच्या कंपनीत नाही! बाहेरही फारसे नसावेत, पण मला बढाया मारायची सवय नाही.

आमची कंपनी बाटल्यांची झाकणं बनवते. फक्त झाकणं. बाटल्या कोण बनवतं ते आम्हाला ठाऊक नाही आणि झाकणाखाली काय भरतात याच्याशीही आम्हाला देणंघेणं नाही. तिथल्या पगार विभागात मी बावीस वर्षं बसतोय. या बावीस वर्षांत माझ्या हातून निघालेल्या एकाही पगारपत्रकाला दुरुस्ती लागलेली नाही. कंपनीत कुणाला बक्षीस लागलं, भेटवस्तू मिळाली, एखादी सवलत मिळाली, की तिच्यावरचा कर पगारातून कापायचं पुण्यकर्म माझ्याकडेच असतं. म्हणून पाठीमागे सगळे मला 'वजावटराव' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, कारण पगार सगळ्यांनाच हवा असतो.

आणि लोकांना हे पटतच नाही हो! कामावरून मिळालेलं बक्षीस म्हणजे पगारच, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. रोख मिळो, वस्तू मिळो नाहीतर दोघांची सहल मिळो, तिची बाजारातली किंमत तुमच्या उत्पन्नात मिळवायची आणि कर त्या महिन्याच्या पगारातून कापायचा. गंमत अशी, की बक्षीस येतं वस्तूत आणि कर जातो रोख. पॅकिंगमधल्या एका बाईंना फ्रीज मिळाला. महिनाअखेरीला त्या पगाराची चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, एवढ्याशा पगारात फ्रीजमध्ये ठेवायला आणू काय?"

"पाणी ठेवा. गार होईल," मी म्हणालो.

तेव्हा मला ते उत्तर फार हुशारीचं वाटलं होतं. असो.

तर यंदा बक्षीस लागलं ते मलाच! 'बावीस वर्षं बिनचूक पगार' म्हणून. बक्षीस काय, तर विजेवर चालणारी आरामखुर्ची. एक बटण दाबलं की पाठ मागे कलते आणि पाय वर येतात. दुसरं दाबलं की बैठक सावकाश वर उचलली जाते आणि बसलेल्या माणसाला अलगद उभं करते. किंमत माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढी. म्हणजे कर झाला जवळजवळ अर्धा पगार! माझं नाव पुकारलं तेव्हा पॅकिंगमधल्या त्या बाई सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होत्या. वजावटराव स्वतःचा पगार कसा कापतात ते बघायला अख्खी कंपनी टपून बसली होती.

पण मी कसला हाती लागतोय!

नियमांत एक पळवाट आहे. पळवाट नको म्हणू या, बाजूची वाट म्हणू. वस्तू जर कंपनीचीच राहिली आणि कर्मचाऱ्याला नुसती वापरायला दिली, तर पूर्ण किंमत उत्पन्नात धरत नाहीत. वर्षाला फक्त दहावा हिस्सा धरतात. म्हणजे खुर्ची घरी, मालकी कंपनीकडे आणि पगार खिशात! मी त्याच दिवशी अर्ज लिहिला. अर्ज इतका पक्का केला, की कुणाला बोट ठेवायला जागा सापडू नये. अट एक : सदर खुर्चीचा वापर फक्त सदर कर्मचाऱ्यानेच करावा. अट दोन : वापराची रोजची वेळ नोंदवहीत लिहावी. अट तीन : महिनाअखेर नोंदवही स्टोअरकीपरकडे तपासणीसाठी द्यावी आणि गरज वाटल्यास खुर्चीचीही तपासणी व्हावी. या अटी मला कुणीही घालायला सांगितल्या नव्हत्या. माझ्या मीच घातल्या, हौसेने!

आमच्या हिशेब खात्याच्या मॅडमनी अर्ज वाचला. चष्मा काढला. पुन्हा घातला.

"स्वतःवर इतक्या अटी घालणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

स्टोअरकीपरने खुर्चीच्या हातावर पितळी पट्टी ठोकली : मालमत्ता क्रमांक चारशे सतरा. हा स्टोअरकीपर म्हणजे कंपनीतल्या प्रत्येक स्क्रूला नावानिशी ओळखणारा माणूस. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात फॉर्म. खुर्ची टेम्पोत चढताना तो तिच्याकडे असा बघत होता, जशी काही लेकच सासरी निघालीय.

आता आमच्या घरची परिस्थिती सांगायला हवी. घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि आठ महिन्यांपासून सासरे. बायको सकाळी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. सासरे केस कापायचे. पंचेचाळीस वर्षं एका खुर्चीशेजारी उभं राहून त्यांनी लोकांच्या हजामती केल्या, आणि त्या खुर्चीत स्वतः कधी बसले नाहीत. त्याचा हिशेब आता गुडघे मागत होते. पलंगावर आडवं झालं की पाय ठणकायचे. सोफ्यावर बसलं की उठता यायचं नाही. कुणीतरी काखेत हात घालून उचलायला लागायचं, आणि तो हात लागला की त्यांचा चेहरा असा व्हायचा, की आम्हीच दुसरीकडे बघायचो.

म्हणून दर आठवड्याला ते एकदा तरी म्हणायचे, "पोरी, या रविवारी मी माझ्या खोलीवर जातो."

त्यांची खोली गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. बावन्न पायऱ्या. शेजारी कुणी नाही. बायको दर वेळी काहीतरी निमित्त काढून त्यांना थांबवायची. कधी पाहुणे येणार असायचे, कधी डॉक्टरांना दाखवायचं असायचं. तिची निमित्तं संपत आली होती, हे मला दिसत होतं. सासऱ्यांनाही दिसत असणार, कारण त्यांची बॅग पलंगाखाली भरलेलीच असायची.

माझं आणि त्यांचं म्हणाल, तर भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. ते मला जावईबापू म्हणायचे, मी त्यांना बाबा म्हणायचो, आणि तेवढ्यावर आमचा संवाद बहुतेक आटपायचा.

खुर्ची घरात आली, तिची पिन लावली आणि मी मोठ्या ऐटीत तिच्यावरचं प्लास्टिक काढलं. पहिल्यांदा आपणच बसायचं असं ठरवून मी हात धुवायला गेलो. परत येऊन बघतो, तर बायकोने बाबांना खुर्चीत बसवलेलं!

"नको गं, ऑफिसची दिसतेय. पाटी आहे हिच्यावर," बाबा म्हणत होते.

"असू दे पाटी! पाटी काय चावतेय? टेका."

तिने बटण दाबलं. पाठ मागे गेली, पाय वर आले. बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. झोपले! भर दुपारी, तोंड उघडं टाकून, चक्क दोन तास. बायको स्वयंपाकघरात जाऊन ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "काही नाही, आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं घोरणं ऐकलं."

जाग आल्यावर बाबांनी दुसरं बटण दाबलं. खुर्ची हळूहळू उचलली गेली आणि बाबा उभे राहिले. आपले आपण. कुणाचाही हात न लागता. त्यांनी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे बघितलं. मग पुन्हा बसले आणि पुन्हा उठले. मी मोजलं, अकरा वेळा.

अट क्रमांक एक माझ्या अगदी जिभेवर आली होती. पण असा चेहरा समोर असताना नियम कोण सांगणार? मी गिळून टाकली. म्हटलं, नोंदवही तर आपल्याच हातात आहे! महिनाअखेरीला एकदाच बसायचं, रोज संध्याकाळी अर्धा तास वापर असं लिहून टाकायचं, विषय संपला. वहीवर माझं नाव छापून आणलं होतं. दोरीने खुर्चीच्या हाताला बांधली आणि विसरून गेलो.

आता माझी चूक काय झाली, ते ऐका. दोरीला बांधलेली वही आणि शेजारी पेन बघून बाबांना वाटलं, ज्या वस्तूबरोबर वही येते, तिची नोंद करायलाच हवी. दुकानात ते प्रत्येक गिऱ्हाइकाची नोंद करायचे. त्यांनी पहिल्या दिवसापासून लिहायला सुरुवात केली होती! तारीख, वेळ आणि शेवटच्या रकान्यात शेरासुद्धा. मला याचा पत्ताच नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी नाश्ता करताना मी नुसतं पुटपुटलो, "आज ती वही द्यायचीय." आणि ऑफिसला गेल्यावर लक्षात आलं, वही घरीच राहिली. बरंच झालं, म्हटलं. संध्याकाळी निवांत भरू.

अकरा वाजता स्टोअरकीपर माझ्या टेबलासमोर उभा. हातात वही! बायकोने दुकानात जाता जाता कंपनीच्या फाटकावर आठवणीने आणून दिली होती. म्हणजे बघा, संकटसुद्धा मला घरपोच मिळतं!

"साहेब, पाच तारीख," स्टोअरकीपरने वाचायला सुरुवात केली. "अकरा ते एक वापर. शेरा : छान झोप लागली."

मी खुर्चीतच गोठलो. साध्या, ऑफिसच्या खुर्चीत.

"सहा तारीख. दहा ते बारा. शेरा : गुडघा शांत. दोन ते चार. शेरा : पुन्हा झोप. सात तारीख. अकरा ते दोन. शेरा : उठावंसं वाटेना." त्याने पान उलटलं. "साहेब, या सगळ्या वेळी तुम्ही इथे हजर आहात. हजेरीपटावर सही आहे. मग तुम्ही इथे होता का तिथे?"

आजूबाजूची टाइप करणारी बोटं थांबली. मी घाईघाईने विचार केला. तिथे नव्हतो म्हणावं, तर खुर्चीत बसलं कोण? अट एक मोडली. तिथे होतो म्हणावं, तर हजेरी खोटी! आणि हजेरी खोटी असेल, तर त्या तासांचा पगार कापायचा. कापणार कोण? मीच!

"रात्रीची वेळ आहे ती," मी म्हणालो.

"अकरा ते एक रात्री?"

"हो."

"आणि दोन ते चार?"

"पहाटे. मला झोप कमी आहे."

"इथे तर लिहिलंय, पुन्हा झोप."

"खुर्चीतच लागते ना!"

स्टोअरकीपरने मान डोलावली. मला वाटलं, सुटलो. त्याने पुढची ओळ वाचली. "नऊ तारीख. दहा ते बारा. शेरा : खिडकीतलं ऊन पायावर आलं, बरं वाटलं."

कुणीतरी फिसकन हसलं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर तेच ऊन पडलं होतं.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मी काही विचारत नाही," त्या म्हणाल्या. "शनिवारी दुपारी आम्ही दोघं येऊन खुर्ची बघून जाऊ. अट तीनमध्ये तपासणी लिहिलीय. तुम्हीच लिहिलीय."

शनिवार उजाडला. मी घरी खरं सांगायला हवं होतं, कबूल! पण बावीस वर्षं बिनचूक असलेल्या माणसाला चूक सांगायची सवय नसते. सकाळी मी बाबांना म्हणालो, "दुपारी ऑफिसची माणसं यायचीत. तुम्ही थोडा वेळ आतल्या खोलीत बसाल का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "माझं काही चुकलं का, जावईबापू?"

"छे छे! तसं काही नाही."

"बरं," म्हणाले आणि बटण दाबून उभे राहिले. काठी घेऊन आत गेले. जाताना त्यांनी खुर्चीवरची सुरकुती हाताने नीट केली. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

बायको दारातच उभी होती. "माझ्या वडिलांना लपवताय तुम्ही?"

"लपवत नाहीये गं. फक्त दिसू देत नाहीये."

"वा!" ती म्हणाली. एवढंच म्हणाली. तिने आणखी काही म्हटलं असतं, तर बरं झालं असतं.

ठरल्या वेळी मॅडम आल्या, मागोमाग किल्ल्या वाजवत स्टोअरकीपर. त्याने आधी पट्टीवरचा नंबर ताडून बघितला. खुर्चीचे पाय मोजले. चार निघाले, तशी नोंद केली.

"आता बसून दाखवा, साहेब," तो म्हणाला.

मंडळी, आता तुम्हाला म्हणून सांगतो. खुर्ची घरात येऊन महिना झाला होता आणि मी तिच्यात एकदाही बसलो नव्हतो! संधीच कुठे मिळाली? पण वहीप्रमाणे मी दिवसाला पाच-पाच तास तिच्यात घोरत होतो. मी ऐटीत बसलो. पायावर पाय टाकला.

"पाठ मागे कशी जाते?" मॅडमनी विचारलं.

"अगदी सोपं आहे," म्हणत मी बटण दाबलं. पाठ मागे जाईना. उलट खालून काहीतरी मला वर ढकलायला लागलं. मी हातांना घट्ट धरून बसलो. खुर्ची माझ्यापेक्षा जोरदार निघाली. तिने मला उचललं आणि थेट स्टोअरकीपरच्या छातीवर नेऊन ठेवलं. किल्ल्या खळखळल्या.

"हे उभं राहायचं," मी म्हणालो. "आधी हे दाखवलं."

पुन्हा बसलो. दुसरं बटण दाबलं. पाय असे झपकन वर आले, की माझी चप्पल टेबलाखाली गेली. पाय खाली करायला गेलो, तर पाठ आडवी झाली. पाठ सरळ करायला गेलो, तर खुर्चीने पुन्हा उचललं. मी स्टोअरकीपरच्या छातीवर दुसऱ्यांदा! या वेळी त्याने मला मिठीच मारली, बिचारा काय करणार!

"खुर्ची तुम्हाला ओळखत नाही वाटतं," मॅडम म्हणाल्या.

तिसऱ्यांदा खुर्ची मला उचलायला लागली, तेव्हा आतून खणखणीत आवाज आला, "जावईबापू, डावीकडचं! डावीकडचं वरचं दाबा! उजवं उभं करतं!"

मॅडम आणि स्टोअरकीपर, दोघांनी आतल्या दाराकडे बघितलं. खुर्ची मात्र आवाज करत वर चालली होती. तिने मला तिसऱ्यांदा उभं केलं, तोपर्यंत बाबा काठी टेकत दारात आले होते. त्यांना राहवलं नसणार. खुर्चीचे हाल त्यांना ऐकवले नसतील.

"आपण कोण?" स्टोअरकीपरने विचारलं.

"मी यांचा सासरा. ती वही मी लिहितो. काही चुकीचं लिहिलं का?"

स्टोअरकीपरने माझ्याकडे बघितलं. मग फॉर्म काढला आणि अट क्रमांक एक वाचून दाखवली. सदर खुर्चीचा वापर फक्त सदर कर्मचाऱ्यानेच करावा.

"असा नियम कुणी केला?" बाबांनी विचारलं.

"यांनीच. ही बघा सही."

बाबांनी सही बघितली. खूप वेळ बघितली. मग म्हणाले, "मला सांगायचं होतं ना, जावईबापू. पंचेचाळीस वर्षं मी लोकांना खुर्चीत बसवलं. दुसऱ्याच्या खुर्चीत चोरून कधी बसलो नाही." आणि ते वळून आत गेले. पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज बाहेर आला. बायको त्यांच्या मागे जायला निघाली, पण दारापाशीच थांबली. तिच्याजवळ आता एकही निमित्त उरलं नव्हतं.

मॅडम जमिनीकडे बघत होत्या. स्टोअरकीपरला मात्र फॉर्म पुरा करायचा होता. त्याने खुर्चीच्या हाताला बांधलेली नव्या महिन्याची वही उघडली आणि नेहमीच्या सरकारी सुरात वाचायला लागला.

"दोन तारीख. अकरा ते एक. शेरा : आता उठायला पोरीला हाक मारावी लागत नाही. तीन तारीख. दोन ते चार. शेरा : पोर आज गुणगुणत होती. चार तारीख. दहा ते बारा. शेरा : या रविवारी खोलीवर जायचं पक्कं केलं होतं. घरात कुणाला बोललो नाही. आता वाटतं, जाऊ नये. खुर्चीमुळे..."

इथे स्टोअरकीपर थांबला. त्याने वही मिटली, घसा खाकरला आणि किल्ल्यांशी चाळा करत बसला. बायकोने पदर तोंडाला लावला होता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? अर्धा पगार वाचवायला निघालो होतो मी, आणि घालवत काय होतो!

"मॅडम," मी म्हणालो, "खुर्ची बक्षीस म्हणूनच लावा. पूर्ण किंमत उत्पन्नात धरा. माझ्या नावावर करा."

"विचार करा. महिनाभर वापरली, त्याचा हिस्सा वेगळा धरावा लागेल. वर पूर्ण किंमत."

"दोन्हींवर कर?"

"नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. आणि मागच्या महिन्याचं तुमचं पगारपत्रक दुरुस्त करावं लागेल."

दुरुस्ती! बावीस वर्षांतली पहिली, आणि ती माझ्याच पगाराला! ज्या बिनचूकपणाबद्दल खुर्ची मिळाली, तोच खुर्चीने खाल्ला. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. निदान फारसं नाही.

"करा दुरुस्ती," मी म्हणालो.

स्टोअरकीपरने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. त्याने पितळी पट्टी काढली आणि दोन्ही स्क्रू मोजून खिशात टाकले. मॅडमनी फॉर्मवर शेरा मारला. जाताना त्या बायकोला म्हणाल्या, "वही मात्र चालू ठेवायला सांगा."

मी आत गेलो. बाबा बॅगेचा पट्टा ओढत होते. बॅग पोटाशी धरून कसाबसा तोल सांभाळत होते.

"बाबा, चुकलो मी. पैसे वाचवायच्या नादात तुम्हाला चोर ठरवलं."

"तुमची नोकरी धोक्यात यायला नको माझ्यापायी."

"नोकरीला काही होत नाही. खुर्ची आता घरची झाली. पण जवळजवळ अर्धा पगार करात जाणार."

बाबांचे हात थांबले. "अर्धा?"

"अर्धा. आणि आता तो काही परत मिळायचा नाही. तुम्ही गेलात, तर तिच्यात बसणार कोण? मला ती पाच मिनिटांत तीनदा फेकून देते, तुम्ही ऐकलंतच. म्हणजे अर्धा पगार पाण्यात!"

मला माहीत होतं, या माणसाने पंचेचाळीस वर्षांत साबणाची वडीसुद्धा वाया घालवली नव्हती.

"बघू," ते म्हणाले. पट्टा त्यांनी बांधला नाही, पण सोडलाही नाही.

पुढचे दिवस त्या घरात मी कसे काढले, मलाच ठाऊक. बाबा खुर्चीत बसत नव्हते. लाकडी स्टुलावर बसायचे आणि खुर्चीकडे बघायचे. रविवार आला. बायको सकाळपासून कपडे वाळत घालत होती, तेच तेच कपडे पुन्हा काढून पुन्हा घालत होती. रविवार गेला. बाबा काही म्हणाले नाहीत. आम्हीही विचारलं नाही. विचारलं आणि ते जातो म्हणाले तर?

महिनाअखेरीला मी माझ्याच पगाराची चिठ्ठी माझ्याच हाताने काढली. दुरुस्ती, वापराचा हिस्सा, पूर्ण किंमत, सगळं धरून. दोनदा तपासली. बिनचूक होती! घरी आलो, हातपाय धुतले आणि थकून सरळ त्या खुर्चीत बसलो. कुणी बघत नव्हतं. पाठ टेकली. अहाहा! काय खुर्ची होती हो!

बाबा काठी टेकत बाहेर आले. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली. वजावटीच्या आकड्यावर बोट ठेवून थांबले.

"एवढे कापले?"

"एवढे."

"सगळा कर भरून झाला? आता ऑफिसचा काही संबंध नाही?"

"काही नाही."

"मग आता ही माझी?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

"तुमचीच, बाबा."

त्यांनी चिठ्ठीची व्यवस्थित घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"मग उठा तिच्यातून," ते म्हणाले. "माझी झोपायची वेळ झाली."

मी मुकाट्याने उठलो. माझ्या अर्ध्या पगारात माझ्या वाट्याला त्या खुर्चीतली जेमतेम चार मिनिटं आली, आणि मंडळी, आमच्यात राहू दे, तेवढ्यातसुद्धा मला झोप लागत आली होती.